ईजीएफआर गाठींचं निअर-इन्फ्रारेड इमेजिंग: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रश्न एवढाच आहे: ईजीएफआर (पेशीच्या पडद्यावरचा, वाढीचा संदेश घेणारा रिसेप्टर) भरपूर असलेली कर्करोगाची गाठ जिवंत उंदरात चमकते ती डाय जोडलेली अँटीबॉडी तिथे बांधली गेल्यामुळे, की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असल्यामुळे? दोन्ही कारणांनी येणारं चित्र दिसायला सारखंच असतं. म्हणून डाय ठरवण्याआधी कंट्रोल ठरवले.

गट असे: सेटुक्सिमॅबला (ईजीएफआरला बांधणारी अँटीबॉडी) जोडलेला आयआरडाय ८००सीडब्ल्यू (निअर-इन्फ्रारेडमध्ये चमकणारा डाय), तोच डाय तेवढ्याच प्रमाणात जोडलेली साधी मानवी आयजीजी१ (ईजीएफआरला न बांधणारी अँटीबॉडी), आधी बिनडायचं सेटुक्सिमॅब देऊन मग डायवालं, नुसता ८००सीडब्ल्यू (कार्बॉक्सिलेट रूपात), आयआर-७८३ (दुसरा डाय, जो अँटीबॉडीशिवायच गाठीत साचतो असं सांगितलं जातं), आणि काहीही न टोचलेले उंदीर. शेवटचा गट लहान असला तरी चालतो, पण तो नसला तर ऊतींची स्वतःची चमक किती वजा करायची हे कळत नाही.

डाय ८०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातलाच हवा. सुमारे ६५० च्या खाली हिमोग्लोबिन प्रकाश गिळतं, ९०० च्या पुढे पाण्याचं शोषण चढू लागतं. सीवाय५.५ हा डाय (शोषण ६७५, उत्सर्जन ६९५ च्या आसपास) हाताळायला सोपा, पण खाद्यातलं क्लोरोफिल नेमकं त्याच भागात चमकतं. आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) १९५९ पासून माणसांत वापरात आहे, तरी इथे उपयोगाचा नाही: अँटीबॉडीला जोडायला त्याच्यावर हाताशी गट नाही, रक्तात गेल्यावर प्रथिनांना चिकटून तो थेट यकृत आणि पित्तात जातो, आणि माणसाच्या रक्तातलं त्याचं अर्धायुष्य जेमतेम ३ ते ४ मिनिटं. ८००सीडब्ल्यूवर चार सल्फोनेट गट आहेत. त्यामुळे तो पाण्यात सहज विरघळतो आणि प्रथिनांवर उगीच बसत नाही.

९ जानेवारी

उंदरांचं खाद्य बदललं. लसूणघास असलेलं नेहमीचं खाद्य बंद, शुद्ध घटकांचं एआयएन-९३ प्रकारचं सुरू. इमेजिंगआधी किमान एक आठवडा हे चालू राहिलंच पाहिजे. पिंजऱ्यातलं अंथरूणही त्याच दिवशी बदलायचं, कारण उंदीर स्वतःची विष्ठा खातात आणि जुन्या लेंड्यांतून क्लोरोफिल पुन्हा पोटात जातं. ८०० च्या चॅनेलमध्ये आतड्याची चमक ७०० पेक्षा बरीच कमी असते, शून्य नसते.

१३ जानेवारी

मानवी कर्करोगाच्या दोन पेशी-प्रकारांच्या गाठी: उजव्या खांद्यावर ए४३१, डाव्या खांद्यावर एमडीए-एमबी-४३५. पहिलीत ईजीएफआर प्रचंड, दुसरीत जवळजवळ नाही. दुसरीची गाठ सावकाश येते म्हणून ती आधीच टोचून ठेवली होती. मांडीजवळची जागा मुद्दाम टाळली: मूत्रपिंडं आणि मूत्राशय डाय बाहेर टाकताना इतके चमकतात की शेजारच्या गाठीचं मापच बिघडतं.

पेशी ७० ते ८० टक्के भरल्या असतानाच उचलायच्या, मायकोप्लाझ्मा चाचणी निगेटिव्ह आल्यावरच. जिवंत पेशी ९५ टक्क्यांवर हव्यात. पीबीएस या खारट बफरमध्ये ४ कोटी पेशी प्रति मिलिलिटर करून तेवढंच मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं जेल) मिसळलं, १०० मायक्रोलिटर टोचलं, म्हणजे प्रत्येक जागी २० लाख पेशी. मॅट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर वितळवायचं. सिरिंज, सुया, टिप सगळं बर्फावर. १० अंशांच्या वर ते घट्ट व्हायला लागतं आणि सुईतच अडकतं.

गाठ १०० ते २०० घन मिलिमीटर झाली की इमेजिंग (लांबी × रुंदी × रुंदी ÷ २). त्याहून मोठी होऊ द्यायची नाही. ए४३१ ला वरून व्रण पडतो, खपली उत्तेजक प्रकाश अडवते आणि स्वतःही थोडी चमकते. आत मृत भाग तयार होतो आणि तिथे कोणतंही प्रथिन साचून राहतं. व्रण पडलेला उंदीर मंजूर प्रोटोकॉलप्रमाणेही बाद होतोच.

१५ जानेवारी

लेबलिंग. सगळ्या प्रकल्पाचा भार या टप्प्यावर आहे, म्हणून सविस्तर.

५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या सेटुक्सिमॅबमध्ये ग्लायसीन असतं. ग्लायसीनवर अमीन गट आहे, आणि एनएचएस एस्टर (डायवरचा, अमीनशी जोडला जाणारा गट) अँटीबॉडीच्या लायसीनकडे जाण्याआधी त्यालाच जाऊन मिळतो. कुपीतलं द्रावण तसंच वापरलं तर डाय जवळपास वाया जातो. ट्रिस बफर आणि सोडियम अझाइडही चालत नाहीत. ४० किलोडाल्टनच्या डिसॉल्टिंग स्पिन कॉलममधून (लहान रेणू यात अडकतात, अँटीबॉडी पार होते) दोनदा काढून ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ८.५ मध्ये आणलं आणि २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर केलं.

डायची कुपी फ्रीझरमधून काढल्यावर बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. थंड कुपी उघडली की आत दव धरतं आणि एस्टर पाण्याने तुटतो. कोरड्या डीएमएसओत ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, लगेच वापरायचं, उरलेलं जपून ठेवण्यात अर्थ नाही.

हिशेब: १ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम अँटीबॉडी म्हणजे १३.३ नॅनोमोल. चौपट डाय म्हणजे ५३.३ नॅनोमोल. एनएचएस एस्टरचं रेणुभार ११६६, म्हणून ६२ मायक्रोग्रॅम, म्हणजे १५.५ मायक्रोलिटर. थेंबाथेंबाने टाकून नळी हलकेच उलटसुलट करायची. व्होर्टेक्स नको, फेस आला की अँटीबॉडी गुठळते. फॉइल गुंडाळून खोलीच्या तापमानाला २ तास. खरं तर या पीएचला एस्टर काही मिनिटांतच तुटायला लागतो, त्यामुळे बहुतेक जोडणी सुरुवातीलाच उरकते. म्हणूनच डाय टाकल्या टाकल्या मिसळणं महत्त्वाचं, नाहीतर थेंबाजवळच्या अँटीबॉडीवर डायची गर्दी होते आणि बाकीची कोरडी राहते. नंतर पुन्हा दोनदा डिसॉल्टिंग, या वेळी पीबीएसमध्ये.

मापन: पीबीएस आणि मेथॅनॉल समान भागांत घेऊन १० पट पातळ केलं. ७८० वर शोषण ०.३०, २८० वर ०.१३. डाय: ०.३० ÷ २,७०,००० = १.११ मायक्रोमोलर. प्रथिनासाठी आधी डायचा वाटा वजा: ०.१३ − (०.०३ × ०.३०) = ०.१२१, त्याला २,०३,००० ने भागलं की ०.६० मायक्रोमोलर. म्हणजे एका अँटीबॉडीवर सरासरी १.९ डाय, आणि मूळ द्रावण सुमारे ०.९ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. मेथॅनॉल टाकायचं कारण, नुसत्या पीबीएसमध्ये एकमेकांना चिकटलेले डाय-रेणू शोषण कमी दाखवतात आणि प्रमाण खोटं लहान येतं.

शेजारी आठपट डाय घेऊन छोटी बॅचही केली, मुद्दाम बिघाड बघायला. पीबीएसमधला तिचा स्पेक्ट्रम पाहण्यासारखा आहे: ७७४ च्या मुख्य शिखराच्या डावीकडचा ७०० ते ७१० मधला खांदा ठळकपणे वर आलेला. एकाच अँटीबॉडीवर डाय दाटीवाटीने बसले की ते जोडीने शोषण करतात, पण प्रकाश बाहेर टाकत नाहीत. जास्त डाय जोडूनही प्रति डाय चमक कमी मिळते. शिवाय एवढे ऋणभार चढलेली अँटीबॉडी यकृत लवकर उचलतं. ही बॅच उंदरांत जाणार नाही. १.५ ते २ हीच मर्यादा.

आयजीजी कंट्रोलचे लायसीन तितकेच मोकळे असतील असं नाही, त्यामुळे चौपट डायने तिच्यावर १.९ येईलच असं धरून चालत नाही. १०० मायक्रोग्रॅमच्या छोट्या नळ्यांत तिप्पट, चौपट, पाचपट करून बघायचं आणि १.९ ला सर्वांत जवळचं प्रमाण घ्यायचं. हे न जुळवता दोन गटांची चमक ताडून बघण्यात काही हशील नाही.

१६ जानेवारी

एसडीएस जेल (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं), ४ ते १२ टक्के, रिड्यूस केलेला आणि न केलेला. लोडिंग बफरमधून ब्रोमोफिनॉल ब्ल्यू वगळला, कारण सुटा डाय जेलच्या अगदी पुढच्या टोकाशी पळतो आणि तिथे दुसरा कुठलाही रंग नको. आधी ८०० वर स्कॅन, मगच कूमासी (प्रथिनांना लावायचा रंग). रिड्यूस केलेल्यात जड आणि हलकी दोन्ही साखळ्या चमकतात. पुढच्या टोकाची चमक लेनच्या ५ टक्क्यांवर गेली तर पुन्हा डिसॉल्टिंग, ही आमची सीमा.

बांधणी शाबूत आहे का, तेही आजच: ए४३१ पेशींवर १० नॅनोमोलर, बर्फावर १ तास (उबेत ठेवलं तर रिसेप्टर अँटीबॉडीला घेऊन आत जातो), शेजारी शंभरपट बिनडायच्या सेटुक्सिमॅबसह, आणि तेच एमडीए-एमबी-४३५ वर. ए४३१ उजळ, बाकी दोन्ही पार्श्वभूमीइतके. बॅच पास.

१९ जानेवारी

कॅमेरा. या डायच्या शोषण आणि उत्सर्जनाच्या शिखरांत फक्त १५ नॅनोमीटरचं अंतर आहे (७७४ आणि ७८९). शिखरावरच उत्तेजित केलं तर उत्तेजक प्रकाशच फिल्टरमधून गळून येतो. म्हणून ७४५ वर उत्तेजन आणि ८०० च्या पुढचं संकलन. गळती तपासायला पांढरा, न चमकणारा ठोकळा ठेवून चित्र घेतलं. त्यावर जे दिसतं ती सगळी गळती. खोलीत हॅलोजन दिवा नको, त्याचा भरपूर प्रकाश नेमका याच पट्ट्यात येतो. एलईडी चालतो.

रेषीयता: १, ३, १०, ३०, १००, ३०० नॅनोमोलर, १ टक्का अल्ब्युमिनमध्ये. या डायचा शोषण गुणांक २,४०,००० धरला तर १ सेंटिमीटर जाडीत २०० नॅनोमोलरलाच शोषण ०.०५ च्या जवळ जातं, आणि त्यापुढे वरचा थर खालच्या थराचा प्रकाश खाऊ लागतो. ३०० चा ठिपका म्हणूनच सरळ रेषेखाली वाकलेला आहे. स्टँडर्ड कर्व्हमध्ये तो धरला नाही. १६ बिटच्या कॅमेऱ्यात ६५,५३५ ला पिक्सेल संपतो. सर्वांत उजळ पिक्सेल ५०,००० च्या खाली राहील इतकंच एक्सपोजर. एकाच अभ्यासात एक्सपोजर बदलावं लागलं तर सेकंदांनी भागून चालतं, पण भरून गेलेला पिक्सेल कशानेही परत मिळत नाही.

किती खोलवरचं दिसतं ते बघायला फँटम (ऊतीची नक्कल करणारा ठोकळा): १ टक्का अगारोज, १ टक्का इंट्रालिपिड, किंचित इंडिया इंक, आत २, ४, ६, ८ मिलिमीटरवर डाय भरलेल्या केशनळ्या. खोल जाताना नळी अंधूक होते हे अपेक्षितच, पण ती पसरटही होते. खोल गाठ त्यामुळे मोठी आणि कमी डायची दिसते. कातडीखालच्या गाठींसाठी सपाट चित्रातले आकडे वापरता येतील, यकृतासाठी नाहीत.

मंचावर ठेवायची प्रत्येक गोष्ट रिकाम्या चित्रात तपासली. काही मार्कर पेनांची शाई, काही चिकटपट्ट्या आणि एक काळा कागद चांगलाच चमकतो. डोळ्याला काळं ते ८०० नॅनोमीटरलाही काळंच, हे गृहीत धरायचं नाही.

२० जानेवारी

आयआर-७८३ बद्दल एक साधी चाचणी उंदरांआधी. या डायच्या साखळीच्या मध्यावर क्लोरीन आहे आणि थायॉल (सिस्टीनवर असतो तो गंधकाचा गट) त्याची जागा घेऊ शकतो. अल्ब्युमिनवर ३४ व्या स्थानी मोकळा सिस्टीन आहे. १० मायक्रोमोलर डाय, ५० मायक्रोमोलर अल्ब्युमिन, ३७ अंश. १, ४ आणि २४ तासांनी नमुने काढून एसडीएसमध्ये उकळून जेलवर. नुसता चिकटलेला डाय उकळल्यावर सुटून पुढच्या टोकाला जातो, सहसंयुजी बंधाने जोडलेला ६६ किलोडाल्टनलाच राहतो. ६६ ची पट्टी वेळेसोबत गडद होत गेली. अल्ब्युमिनला आधी एन-इथाइलमॅलेइमाइड (थायॉल अडवणारं रसायन) दिलं तर ती बरीच फिकी. ८००सीडब्ल्यू कार्बॉक्सिलेटमध्ये अशी पट्टी नाही. त्याच्या मध्यावर ऑक्सिजनमार्गे जोडलेला गट आहे, तो क्लोरीनइतक्या सहज निघत नाही.

याचा अर्थ, रक्तात गेल्यावर आयआर-७८३ चा मोठा हिस्सा पाहता पाहता डाय जोडलेलं अल्ब्युमिन होतो. अल्ब्युमिन कुठल्याही गळक्या गाठीत साचतं. ‘गाठ शोधणारा डाय’ म्हणण्याआधी हे वजा करायला हवं.

२२ जानेवारी

ब्लॉकिंग गटाला बिनडायचं सेटुक्सिमॅब, १ मिलिग्रॅम, २०० मायक्रोलिटरमध्ये, सावकाश. उद्याच्या मात्रेच्या वीसपट.

२३ जानेवारी

टोचण्याआधी सगळी द्रावणं १६,००० जी वर १० मिनिटं फिरवून वरचाच भाग घेतला. गुठळ्या फुप्फुसात आणि यकृतात अडकतात आणि ते चित्र नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

मात्रा ५० मायक्रोग्रॅम, १०० मायक्रोलिटरमध्ये. म्हणजे ०.३३ नॅनोमोल अँटीबॉडी आणि ०.६३ नॅनोमोल डाय. नुसत्या डायचा गटही ०.६३ नॅनोमोलच, वजनाने नव्हे तर मोलने जुळवलेला. आयआर-७८३ ची रूढ मात्रा २० ग्रॅमच्या उंदराला १० नॅनोमोल, तीच दिली. ती सोळापट आहे, त्यामुळे त्या गटाची चमक इतरांशी ताडायची नाही, फक्त त्याच उंदरातल्या दोन गाठींचं गुणोत्तर बघायचं.

शेपटी ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात धरून, २९ गेजची सुई. टोचल्यावर लगेच शेपटीचं चित्र. औषध शिरेबाहेर गेलं असेल तर टोचलेल्या जागी ठळक डाग राहतो आणि पुढे दिवसभर तिथून डाय रक्तात झिरपत राहतो. असा उंदीर बाद करायचा, हा नियम आकडे बघण्याआधीच लिहून ठेवला आहे.

भूल आयसोफ्लुरेन: ३ टक्क्यांवर सुरुवात, मग १.५ ते २ टक्के. डोळ्यांना मलम. मंच ३७ अंशांवर. उंदीर गार पडला की कातडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि त्याच गाठीचा आकडा घसरतो.

२४ जानेवारी

२४ तास. नुसता डाय बहुतेक निघून गेलेला, मूत्रपिंडांत थोडा उरला आहे. आयजीजी गटात दोन्ही गाठी स्पष्ट दिसतात. नुसत्या सेटुक्सिमॅबचं चित्र समोर असतं तर हे कळलंच नसतं: ईजीएफआरशी काही संबंध नसलेली अँटीबॉडीही गाठ उजळवते. सेटुक्सिमॅब गटात उजवी गाठ उजळ आहे, पण रक्तात अजून भरपूर अँटीबॉडी असल्याने सगळं अंगच धूसर चमकतं.

एका उंदराच्या बाजूला गाठीइतकाच उजळ, कडा तीक्ष्ण असलेला ठिपका होता. तीक्ष्ण कडा हीच खूण, कारण ऊतींतून आलेला प्रकाश कधीच इतका रेखीव नसतो. उंदीर उचलल्यावर ठिपका मंचावरच राहिला. मूत्र. प्रत्येक उंदरानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसणी, आणि पोटाखाली दर वेळी नवा, तपासलेला काळा कागद.

२६ जानेवारी

७२ तास. रक्तातली पार्श्वभूमी उतरली आणि सेटुक्सिमॅब गटाची उजवी गाठ आता खऱ्या अर्थाने वेगळी काढता येते. डावी गाठ आयजीजीच्या पातळीवर. ब्लॉकिंग गटाची उजवी गाठही खाली आली, पण आयजीजीच्या पातळीपर्यंतच, शून्यापर्यंत नाही. सेटुक्सिमॅब गटाची उजवी गाठ आणि ही पातळी यांमधलं अंतर तेवढीच ईजीएफआरची कमाई, त्याखालचं सगळं गळतीचं. आयआर-७८३ मध्ये दोन्ही गाठी जवळपास सारख्याच, अल्ब्युमिनच्या चाचणीशी जुळणारं.

मोजणीचे नियम: गाठीची सीमा साध्या प्रकाशातल्या चित्रावर आखायची, चमकेवर नाही. चमकेवर आखली की प्रत्येक गटात फक्त उजळ भाग निवडला जातो आणि कंट्रोलसुद्धा चांगले दिसतात. पार्श्वभूमी मांडीच्या स्नायूवर, तेवढ्याच आकाराची. सगळ्या गटांना रंगपट्टीची किमान आणि कमाल मर्यादा एकच. प्रत्येक चित्राला आपोआप ताणणारी सेटिंग बंद.

२७ जानेवारी

९६ तास, अवयव. पर्फ्यूजन (रक्त धुऊन काढणं): हृदयाच्या डाव्या जवनिकेतून २० मिलिलिटर पीबीएस, यकृत फिकट होईपर्यंत. गाठी, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, फुप्फुस, स्नायू, कातडी; रक्त पर्फ्यूजनआधीच. प्रत्येक अवयवाचं वजन करून होमोजेनेट. स्टँडर्ड कर्व्ह प्रत्येक ऊतीचा वेगळा, न टोचलेल्या उंदराच्या त्याच ऊतीत मोजका डाय मिसळून. यकृताचा गडद रंग इतका प्रकाश खातो की बफरमधल्या कर्व्हवरून वाचलं तर डाय खूपच कमी येतो. जिवंत चित्रात मंद वाटलेलं यकृत होमोजेनेटमध्ये बरंच जड निघालं, फँटमने सांगितलं तसंच.

गाठीचा अर्धा भाग ओसीटीत (काप घेण्यासाठी ऊती गोठवायचं माध्यम) गोठवून १० मायक्रोमीटरचे काप, अंधारात. शेजारच्या कापावर ईजीएफआरचं स्टेनिंग. त्यासाठीची अँटीबॉडी रिसेप्टरच्या पेशीतल्या भागाला बांधणारीच घ्यायची, कारण बाहेरची जागा सेटुक्सिमॅबने अडवलेली असते. कापांत सेटुक्सिमॅबचा डाय रक्तवाहिन्यांभोवती आणि गाठीच्या कडेला पेशींच्या पडद्यांवर बारीक रेघांसारखा दिसतो, आतल्या भागात ईजीएफआर असूनही रिकामं. पहिल्या ओळीतल्या पेशींनीच सगळी अँटीबॉडी अडवली. आयजीजीमध्ये पडद्यांवर काहीच नाही; डाय पेशींच्या मधल्या जागेत आणि मृत भागात साचलेला. जिवंत चित्रात सारख्या वाटणाऱ्या दोन गाठी इथे एका नजरेत वेगळ्या होतात.

३० जानेवारी

पुढच्या फेरीत तीन बदल.

मात्रा ५० सोबत १५० मायक्रोग्रॅम. जादाचे १०० बिनडायचे, म्हणजे डाय तेवढाच राहील आणि अँटीबॉडी आतपर्यंत पोचते का ते कळेल.

गाठ आणि पार्श्वभूमीचं गुणोत्तर देताना सोबत लिहायचंच की सेटुक्सिमॅब उंदराच्या स्वतःच्या ईजीएफआरला बांधत नाही. माणसाच्या कातडीत आणि यकृतात हा रिसेप्टर असतो, उंदरातली पार्श्वभूमी त्यामुळे आयतीच स्वच्छ मिळते. पॅनिटुमुमॅब (दुसरी ईजीएफआर-विरोधी अँटीबॉडी) घेऊनही हा प्रश्न सुटणार नाही, तेही मानवी रिसेप्टरसाठीच आहे.

८००सीडब्ल्यूच्या उत्सर्जनाची शेपटी १००० नॅनोमीटरच्या पुढेही जाते. इंडियम गॅलियम आर्सेनाइड कॅमेरा आणि १००० चा लाँगपास फिल्टर लावून आधी फक्त फँटम बघायचा: तिथे विखुरणं कमी असल्याने ४ आणि ६ मिलिमीटरच्या नळ्यांची रुंदी किती आक्रसते आणि त्यासाठी एक्सपोजर किती वाढवावं लागतं. आकडे पटले तरच उंदीर. दोन्ही अँटीबॉडींचं लेबलिंग २ फेब्रुवारीला, प्रमाणं तीच.